ताडकळसच्या टोळीला हत्ती नाही

मी आजवर दोन संस्कृती निर्माण केल्या आणि दोन्ही माझ्या बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर एकमेकींना भिडल्या.

झालं असं, की मला कॉम्प्युटर गेमचं मॉड बनवण्याचा नाद लागला. मॉड म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये आपली भर. तयार रश्श्यात आपला मसाला! मी नव्या जमाती, नवी राज्यं घालणार होतो. पण परभणीच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत कल्पनाशक्ती किती चालणार? (अकरानंतर माझी चालत नाही. त्याआधीही फारशी नाही.) शेवटी घरचीच माणसं उचलली. पेडगावच्या काकांवरून 'पेढार' केले: धिप्पाड, हत्तीवर बसणारे, न विचारता सल्ला देणारे. ताडकळसच्या मामांवरून 'ताडव' केले: डोंगरात राहणारे, मिशाळ. त्यांचं मुख्य अस्त्र रुसवा! मान राखला नाही की ताडव सैन्यासकट निघून जातात.

बहिणीचं, सुमीचं लग्न आठवड्यावर आलं आणि मामा याद्या-आहेराचं बोलायला आले. आईला भावापुढे पोराचं कौतुक मिरवायची हौस.

"दादा, बघ तरी यानं काय केलंय! लाव रे टीव्हीवर!"

लावलं. पडद्यावर ताडवांचा राजा आला. मिशा मामांच्या, खांद्यावरचा रुमाल मामांचा. त्यानं तोंड उघडलं, "आमाला कोन इचारतंय?" (आवाज माझा, नक्कल मामांची. कशाला केली, देव जाणे!)

मामांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली.

"भाच्या, हे मी हाय का?"

"न्हाई मामा... म्हणजे, थोडे."

"आन् ते हत्तीवालं?"

"पेडगावचे काका."

मामांनी बशी खाली ठेवली. "मिशा जमल्या. बोलनं बी जमलं. पन आमाला हत्ती कामून न्हाई?"

"मामा, ताडव डोंगरात राहतात. तिथं हत्ती..."

"पेडगाववाले हत्तीवर आन् आमी पायी! म्या जायलोय. सुमीला बोहल्यावर त्या हत्तीवाल्यालाच आनू द्या!"

आणि गाडीला किक मारून गेलेसुद्धा! माझं मॉड इतकं बिनचूक चालेल असं मला वाटलं नव्हतं.

नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानंच. सुमी तर मामांच्या कडेवर वाढलेली. ती रडतच म्हणाली, "मामा आले न्हाईत तर मी बोहल्यावर चढणार न्हाई!"

संध्याकाळी ताडवांना हत्ती दिले आणि व्हिडिओ मामांना पाठवला. मामांनी तो मोठ्या मनानं खानदानाच्या ग्रुपवर टाकला! लगेच काकांचा फोन.

"त्यांचा हत्ती आमच्याहून उंच कामून दिसायलाय?"

मी पेढारांचा हत्ती वाढवला. मामा म्हणाले, "झूल तरी घाल." घातली. काका म्हणाले, "आमाला सोन्याची." लग्नाच्या आदल्या दिवशी हत्ती इतके मोठे झाले, की पडद्यावर नुसते पायच दिसत होते आणि लॅपटॉप गुदमरून बंद पडला.

लग्नाच्या दिवशी मी मंडपाच्या दारात अत्तर लावायला उभा. (निर्मात्याला घरात हेच खातं मिळालं होतं.) बघतो तर मामा आले! जीव भांड्यात पडतोय तोच शेजारून काकाही आले. दोघांनी एकदमच हात पुढे केले.

आधी कोणाला? मामांना लावावं तर काका फिरतील, काकांना लावावं तर मामा! मी दोघांकडे एकदमच वळायला गेलो आणि अख्खी कुपी माझ्याच सदऱ्यावर सांडली.

"येडं हाय जरा," काका म्हणाले.

"जरा?" मामा हसले. "लय!"

दोघं हसत हसत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आत गेले. मामांनी सुमीला बोहल्यावर आणलं आणि तिच्यापेक्षा जास्त रडले. पेढार आणि ताडवांमधला तो पहिला तह. त्यात कलम एकच होतं, आणि ते मी होतो!