नसीमाने खाली उतरवलेली तार

इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटवत होते. "बाई, जरा या. नसीमा बोलंना," एवढंच म्हणाले. माले गावात त्यांचं घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी तशीच धावले. नसीमा पडवीतल्या कॉटवर होती, एक हात खाली लोंबत होता. रुग्णवाहिका वेळेत आली, रस्ता मोकळा होता, जमलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलला पुरेपूर रेंज होती... आणि तरी संध्याकाळच्या आत ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता दोन महिने होत आले, पण माझ्या मनाचं समाधान होत नाही. कारण रस्ता बंद, वीज नाही, फोन नाही अशा एका दिवशी याच बाईनं माझ्या नवऱ्याचा जीव वाचवला होता.

नसीमा मुलाणी मूळची पौडची. तिथल्याच शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि मी मराठी. निवृत्त झाल्यावर ती आणि तिचे यजमान इक्बालभाई माल्यातल्या शेतावर राहायला आले, आणि "तू पण ये गं, हवा चांगली आहे" म्हणत तिनं आम्हा दोघांनाही इथं ओढून आणलं. सेवानिवृत्तीनंतर माणसं यात्रा करतात, नातवंडं सांभाळतात. हिनं हौशी रेडिओची परीक्षा दिली. परवाना आला त्या दिवशी पेढे घेऊन आली आणि मला म्हणाली, "उज्ज्वला, आता मी माझ्या घरातून, माझ्या यंत्रावरून, कुठल्याही परवानाधारकाशी बोलू शकते. मधे टॉवर नाही, कंपनी नाही. इकडं एक अँटेना, तिकडं एक अँटेना, आणि वर आभाळ." तिचा मुलगा साजिद पुण्याजवळ जांब्याला राहतो, संगणकात काम करतो. तो हसला. "अम्मी, मोबाइल असताना हे कशाला?" तर म्हणाली, "मोबाइलवर ज्याचा नंबर माहीत आहे त्याच्याशीच बोलता येतं रे. मला अनोळखी माणूस पाहिजे."

तो अनोळखी माणूस तिला रेडिओवरच भेटला, थेट गडहिंग्लजचा. अण्णा. निवृत्त मुख्याध्यापक, मधुमेहानं दृष्टी गेलेली, बायको वारलेली. सकाळी हौशी रेडिओवाल्यांची हजेरी व्हायची, त्यात त्यांचा आवाज असायचा. पण नसीमाला तो कधी ऐकू यायचा, कधी नुसती खरखर. आमच्या भोवती सगळे डोंगर. तिनं विचार केला, अँटेना उंच केली की डोंगर ओलांडेल. मग घराच्या छपरावर ॲल्युमिनियमचा उंच नळ उभा राहिला. इक्बालभाई शिडीवर, ती खालून ओरडतेय, "डावीकडं! अहो, तुमच्या डावीकडं!" सगळी आळी बघायला जमलेली. त्या नळानं चमत्कारच केला. जपानमधल्या एका गृहस्थानं तिला उत्तर दिलं. ती धावत माझ्याकडं आली, ओढणीचं भान नाही, हाताला ग्रीस. आणि दोन दिवसांनी तोंड पाडून बसली. जपानला ऐकू जात होतं, गडहिंग्लजला नाही.

पुढं एके सकाळी हवा जरा अनुकूल असताना अण्णांनीच तिला सांगितलं, "ताई, तुमचा नळ काढा की वो. उभी अँटेना लांब फेकती. आमी लांब बी न्हाई आन् जवळ बी न्हाई. तार घ्या, आडवी बांधा, आन् खाली बांधा. आवाज सरळ आभाळात जाऊ दे. वरनं आपटून पावसागत सगळीकडं पडंल, डोंगर आडवा येनार न्हाई." नसीमाला हे पटेना. चार दिवस माझ्याशी वाद घातला, जणू सल्ला मीच दिला होता. "पाणी लांब न्यायचं तर टाकी उंचावर बांधतात ना? खाली कुणी बांधतं का?" मी मराठीची बाई, मी काय बोलणार? शेवटी तिनं नळ उतरवला. आंब्यापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत तांब्याची तार ताणली, मधोमध वायर जोडून खिडकीतून आत यंत्रापर्यंत नेली. तार इतकी खाली की मधल्या झोळात माणसानं हात वर केला तर लागावी. येणारा-जाणारा विचारायचा, "बाई, कपडं वाळत घालाया बांधलीया व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शेजारच्या खोलीत बसल्यासारखे बोलले. नसीमा माझ्याकडं वळली. डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, "अगं, जपानच्या वेळी तर नाचलीस!" त्यावर म्हणाली, "जपानचा माणूस माझी वाट बघत नव्हता."

तार बांधली त्याच पावसाळ्यात दोन दिवस वीज नव्हती, मोबाइलचा टॉवर बंद होता आणि पौडच्या रस्त्यावर दरड येऊन पडली होती. त्यातच सकाळी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. घामानं अंग भिजलं, ओठ काळे पडायला लागले. मी भिजत नसीमाच्या दारात गेले, "ह्यांच्या छातीत..." एवढंच म्हणता आलं. इक्बालभाईंनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, तिनं यंत्र जोडलं आणि अण्णांना हाक मारली. पहिल्या हाकेला उत्तर नाही... दुसऱ्या हाकेला नाही... मी तिच्या खुर्चीची पाठ धरून उभी होते. तिसऱ्यांदा अण्णा आले. तिनं गावाचं नाव, पेशंटचं वय, दरड कुठं आहे ते सावकाश, वर्गात श्रुतलेखन घालावं तसं सांगितलं. अण्णांनी तिकडून पुण्याला फोन लावले. रुग्णवाहिका दरडीच्या पलीकडं येऊन थांबली आणि गावातल्या माणसांनी ह्यांना बाजेवर घालून चिखलातून पलीकडं नेलं. ते आज माझ्यासमोर बसून हा लेख वाचताहेत. नसीमाच्या दफनाच्या दिवशी पौडच्या कब्रस्तानात जाऊन मूठभर माती देऊन आले आणि घरी आल्यावर लहान मुलासारखे रडले.

नसीमा गेल्यावर तिच्या खोलीला कुलूप लागलं. अण्णांना साजिदनं फोन करून कळवलं. चाळिसावा झाला आणि नंतरच्या आठवड्यात एक गाडी इक्बालभाईंच्या अंगणात येऊन थांबली. पुतण्याचा हात धरून एक उंच, वाळकेसे म्हातारे उतरले. नसीमानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी नसीमाला पाहणं शक्यच नव्हतं. इक्बालभाईंनी त्यांना मिठी मारली. चहा झाला. अण्णा तिच्या खोलीत गेले, खुर्चीवर बसले नाहीत, शेजारी उभं राहून नुसता टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ती तार कुटं हाय? लावू का हात?"

"यंत्र बंद हाय. लावा," इक्बालभाई म्हणाले आणि त्यांना अंगणाच्या मधोमध घेऊन आले.

अण्णांनी हात वर केला, चाचपडला, आणि तार बोटांना लागली. ते चपापले. "एवढी खाली?"

"तुमीच सांगितलं व्हतं नव्हं?"

"सांगितलं व्हतं. पर बाईनं कबूल कुटं केलं? आवाज सुधारला कसा म्हनून इचारलं तर म्हनायची, अण्णा, तुमचंच मशीन सुधारलंय..." ते हसायला गेले आणि हसण्याऐवजी दुसराच आवाज निघाला. तार त्यांनी सोडली नाही. इतक्या दिवसांत एकदाही डोळ्यांतून टिपूस न काढलेले इक्बालभाई गोठ्याकडं तोंड करून उभे राहिले. मी पदर तोंडाला लावला.

अण्णा परत निघाले तेव्हा ऊन कलत होतं. गाडी वळणाआड गेल्यावर इक्बालभाईंनी स्टूल आणलं आणि आंब्याजवळची सैल झालेली गाठ पुन्हा आवळली. खाली उतरून त्यांनी तारेखाली उभं राहून स्वतःचा हात वर करून बघितला. पोचत होता. मग तार तेवढीच खाली राहावी म्हणून परत स्टुलावर चढून त्यांनी तिथं दुसरी गाठ मारली.