टॉकीजच्या जागी आता पार्किंग आहे

मंडळी, आज दुपारी आईला घेऊन आबिड्सच्या बाजारात गेले होते. ज्या कॉम्प्लेक्सच्या सेलर पार्किंगमध्ये, म्हणजे तळघरात, गाडी लावली, तिथे पूर्वी टॉकीज होतं. आई नवी नवरी असताना तिथे पिक्चर बघायची, जनान्यात. बायकांच्या बाजूचा पडदा हॉलमध्ये अंधार झाल्यावरच बाजूला सारायचे.

पुढे पिक्चर बंद पडले, आणि इमारत पाडेपर्यंत तिथे रॉक शो व्हायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. संथ गाणं सुरू झालं की आम्ही सगळे मोबाइलचा टॉर्च लावून हात वर करायचो.

आज गाडीतून उतरलो आणि करंट गेला.

"ठैरो अम्मा, जनरेटर चालू करतौं," लांबून वॉचमन म्हणाला.

मिट्ट काळोख. आईच्या बांगड्या हलकेच वाजल्या, काहीतरी बाजूला सारावं तशा. मी टॉर्च लावला, आणि हात आपोआप वर गेला.

आई कुजबुजली, "खाली घे गं. मागच्यांना दिसत नाही."

मी टॉर्च बंद केला. जनरेटरला वेळ लागला, बरंच झालं.

तुमच्या गावचंही टॉकीज पाडलं असेल. पण तुमचा पिक्चर संपलाय का?