खुडूक कोंबडीखालचं गुलाबी पिल्लू

भिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांचा आंबूस वास आला की अक्कलकोट रोडवरच्या आमच्या घराचं परसदार आठवतं. पलीकडच्या कारखान्यात माग खडखडत असायचे. आमची खुडूक कोंबडी अंडी उबवायला पाटीत हट्टानं बसली होती, पण तिची सगळी अंडी नासली होती. म्हणून आईनं दारावर पिल्लं विकायला येणाऱ्या सायकलवाल्याकडून रंगवलेली पिल्लं घेतली आणि दिवेलागणीला अंडी काढून पिल्लं एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. अंधारात कोंबडीला परकं पिल्लू ओळखू येत नाही, म्हणून आमच्याकडं असंच करतात. पण अजून पुरता अंधार पडला नव्हता. गुलाबी पिल्लू धडपडत पुढं आलं आणि तिनं त्याच्या डोक्यात चोच मारली. परत मारली. "आई, मरंल की गं ते!" मी ओरडले. "गप की! ती बिथरून उठली तर समदीच गारठून मरतील," आई दबक्या आवाजात म्हणाली. शेजारची अक्का हसली, "युनियनची पत्रकं वाटणाऱ्या बापाची लेक ही, कोंबडीलाबी भाषण ठोकंल!" आईनं घाईनं पाटीवर पोतं टाकलं. आतली चिवचिव हळूहळू थांबली, तेव्हा तर मला जास्तच भीती वाटली. सकाळी पोतं उचललं, तर कोंबडीच्या पंखातून गुलाबी डोकं बाहेर आलं, टाळूवर वाळलेलं रक्त होतं. आई आणि अक्का खूश झाल्या. मी मात्र त्या कोंबडीला अजून माफ केलेलं नाही. ते पिल्लू दिसत होतं तोवर तिनं मारलं, आणि दिसेनासं झालं तेव्हाच जवळ घेतलं.