बंदुकीच्या नंबरावरचा भंडारा

आमच्या घरात बंदूक आहे म्हटलं की नवीन माणूस जरा सरकूनच बसतं. सरकण्यासारखं काही न्हाय. सासऱ्यांच्या वेळची जुनी एकनळी, त्यांच्यामागं रीतसर लायसन होऊन आमच्या मालकांच्या नावावर आलेली. रानडुकरं हुसकायची आणि एकट्या घराला आधार, एवढंच तिचं काम. आमची वस्ती कळंबच्या अलीकडं रस्ता सोडून आत, शेतात. हाक मारली तर ऐकायला म्हशी तेवढ्या.

वर्षातून एकदा मात्र त्या बंदुकीचा थाट असायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण हत्यारं-अवजारं पुजतो. विळा, कुऱ्हाड, खुरपं, आता ट्रॅक्टरचे पाने सुद्धा. माझं माहेर अणदूरचं, म्हणजे खंडोबाच्या दारातलं. माहेराहून आणलेला भंडारा मी तेलात कालवून सगळ्यांना लावायची, आणि बंदुकीला जरा जास्तच लावायची. मालक दरसाली ओरडायचे, "अगं, दस्त्याला लाव, नळीला कशाला फासतीस? तिथं नंबर हाय." मी म्हणायची, "देवाचा भंडारा हाय, नंबराला काय व्हतंय?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढं लई महागात पडलं.

झालं असं. तुरीची रास झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. भरदुपार. मी अंगणात तूर पाखडत बसलेली, मालक आत जेवत होते. दोन मोटारसायकली आल्या, तीन माणसं उतरली. एकानं पाणी मागितलं. मी उठले तोवर दुसऱ्यानं कोयता काढून माझ्या मानेला लावला, "गळ्यातले मणी काढ म्हातारे." मालकांनी आतून बघितलं. खुंटीची बंदूक काढून काडतूस भरून दारात आले आणि पहिला बार वर केला. पाणी मागणारा आणि त्याचा जोडीदार पळाले. कोयतेवाला मला सोडून सरळ मालकांच्या अंगावर धावला. मालकांनी दुसरं काडतूस भरलं कधी हे मला आजपर्यंत कळलं न्हाय, पण नळी खाली केली आणि पायावर झाडली. छर्रे पोटरीत गेले. गडी मटकन खाली बसला आणि "आई गं, आई गं" करून लहान लेकरासारखा रडाय लागला.

मी म्हटलं, "आता आई आठवली व्हय रे? माझ्या मानेला कोयता लावताना कुठं गेलती?" बोलत बोलत त्याच्या पोटरीला फडकं बांधलं. हाताला लागला तो टॉवेल, तामलवाडीला दिलेल्या लेकीनं दिवाळीला घेतलेला, कोरा करकरीत. पाणी पण पाजलं. त्यानं मागितलंच होतं की पाणी, त्याच्या जोडीदारानं का होईना.

गावातून माणसं आली, मग पोलिसांची गाडी आली. सगळं बघून, लिहून झाल्यावर साहेब मालकांना म्हणाले, "काका, तुम्ही जीव वाचवायला झाडली. कायदा तुमच्या बाजूनं आहे, काळजी करू नका. पण बंदूक आमच्याबरोबर येणार."

मालक म्हणाले, "माझं चुकलं न्हाय म्हणता, मग बंदुकीचं काय चुकलं?"

"तिचंही काही चुकलं नाही. ती साक्षीदार आहे."

आता साक्षीदार म्हटला तर तो साक्ष देऊन घरी येतो ना? ही साक्षीदार आत आणि आम्ही बाहेर. कापडात गुंडाळली, दोऱ्यानं बांधली, लाखेचं सील मारलं, पंचांच्या सह्या झाल्या आणि गेली. माझा टॉवेल पण गेला. मी म्हटलं, "त्यो कशाला?" तर म्हणाले, "त्याला रक्त लागलंय, तो पण मुद्देमाल." खटल्याला लागणाऱ्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पळालेले दोघं पंधरा दिवसांत सापडले. पण कळंबला शाळेत नोकरीला असलेला आमचा लेक आला आणि त्यानं वेगळंच काढलं. म्हणाला, "उद्या त्यातला एखादा जामिनावर सुटून आला तर तुमच्या हातात काय आहे? खुरपं? दोघं कळंबला चला."

मालक म्हणाले, "बंदूक येईल की परत."

"कधी येईल? ठीक आहे. दसऱ्यापर्यंत आली तर राहा हितंच. न्हाय आली तर खंडेनवमीला मी पिकअप घेऊन येतो, भांडीकुंडी भरायची."

आणि आमचे मालक, जे आयुष्यात लेकाच्या कुठल्या बोलण्याला हो म्हणाले नव्हते, ते "बरं" म्हणाले. माझ्या मानेवरचा कोयता त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता, हे मला कळत होतं. पण कळंबला दोन खोल्यांत मी काय करू? कोंबड्या कुठं सोडू? शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसू? चाळीस वर्षं ज्या अंगणात सडा टाकला ते सोडायचं, ते पण बंदूक वेळेत आली न्हाय म्हणून! मी त्याच दिवशी पक्कं केलं. बंदूक आणायचीच.

मग आमच्या ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली एका हवालदारीण बाईंकडं होती. बाई कामाला कडक, पण बोलायला गोड. मी जाताना त्यांच्यासाठी कधी वांगी, कधी शेंगाची चटणी न्यायची. त्या एका हातानं नको नको करायच्या आणि दुसऱ्या हातानं डबा उघडायच्या. खोलीच्या जाळीतून आत दिसायचं. विहिरीवरच्या चोरीच्या मोटारी, पत्र्याचे डबे, कुणाची कुऱ्हाड, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. कोपऱ्यात आमची बंदूक पांढऱ्या कापडात, आणि खालच्या फळीवर माझा टॉवेल पाकिटात. मी लांबूनच बंदुकीला हात जोडायची. बाई म्हणायच्या, "आजी, बंदुकीला भेटायला येणारं माणूस मी नोकरीत पहिल्यांदा बघितलं."

मधे बंदूक तपासणीला लॅबला जाऊन आली. मधेच निवडणूक लागली आणि पोलीस पाटील घरी नोटीस घेऊन आले. निवडणूक आहे, सबब आपलं शस्त्र ताबडतोब ठाण्यात जमा करावं. मालकांनी नोटीस दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी नवीन धोतर नेसून ठाण्यात गेले आणि हवालदारीण बाईंना म्हणाले, "बाई, शस्त्र जमा करायला आलोय. तुमच्या कोपऱ्यातलं उचला आणि दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा." सगळं ठाणं हसलं. पावती मात्र मिळाली न्हाय, म्हणून मालक आठवडाभर कुरकुरत होते.

लॅबचे कागद आल्यावर वकिलानं कोर्टात अर्ज टाकला. खटला चालायचा तेव्हा चालेल, तोवर बंदूक मालकाच्या ताब्यात द्यावी, लागेल तेव्हा हजर करू. वकील म्हणाला, दोन तारखांत काम होतंय. कोर्टानं पोलिसांचं म्हणणं मागवलं आणि तिथं गाडी अडली. लायसनवर बंदुकीच्या नंबरात शेवटी आठ, आणि पंचनाम्यात शेवटी तीन. म्हणजे कागदावर बघाल तर पोलिसांकडं असलेली बंदूक आमची न्हाय, आणि आमची बंदूक पोलिसांकडं न्हाय.

मालकांचा असा संताप झाला! "लिहिणाऱ्याला आठ आणि तीन कळत न्हाय?" ठाण्यात जाऊन ताडताड बोलले. हवालदारीण बाईंनी शांतपणे फाईल काढली आणि जप्तीच्या वेळी काढलेला फोटो पुढं ठेवला. "काका, रागावू नका. तुम्हीच वाचा."

मालकांनी चष्मा लावून वाचलं. तीनच होता.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. एस.टी.च्या पाट्या वाचून वाचून मला इंग्रजी आकडे येतात. तीनच दिसत होता, पण त्याच्या डाव्या बाजूला पिवळं काहीतरी होतं. तो भंडारा होता. दरसाली तेलात कालवून लावलेला, वाळून वाळून दगड झालेला. आठाच्या डाव्या अंगाच्या खाचा बुजल्या होत्या आणि राहिला होता तीन. इतकी वर्षं लायसनच्या तपासणीला बंदूक नेली, पण एक-एक आकडा लावून कुणी बघितला नसावा.

घरी येताना मी एक शब्द बोलले न्हाय. दुसऱ्या दिवशी पण न्हाय. तिसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "तुला ताप-बिप आलाय का?" आमच्या घरात मी गप्प बसणं ही काळजीची गोष्ट. सांगायचं तरी कसं? ते रोज त्या पंचनामा लिहिणाऱ्याचा उद्धार करायचे आणि मी चुलीत बघत बसायची. वाटायचं, वकील काहीतरी करील, लिहिताना चूक झाली म्हणून निघून जाईल. नवरात्र बसलं, घट बसले, आणि लेकाचा फोन आला की पिकअपवाल्याला सांगून ठेवलंय.

सातव्या माळेला तारीख होती. न्यायाधीश साहेब आमच्या लेकाच्या वयाचे. त्यांनी बंदूकच समोर मागवली होती. हवालदारीण बाई ती घेऊन आल्या. साहेबांसमोर सील फोडलं, कापड सोडलं. कितीतरी महिन्यांनी तिला बघितली आणि माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. कोर्टातल्या माणसानं वाकून वाचलं, "तीनच आहे, साहेब." सरकारी वकील म्हणाले, "मग ही वस्तू अर्जदाराची आहे हे सिद्ध होत नाही."

मालकांनी मान खाली घातली. मला त्या मानेत पिकअप दिसला, त्यात माझी उखळी, माझी कोंबड्यांची पाटी. आणि मी उठून उभी राहिले.

"साहेब, त्यो तीन न्हाय. आठच हाय. त्याला म्या तीन केलाय."

सगळं कोर्ट माझ्याकडं बघाय लागलं. वकील खालून पदर ओढतोय, "आजी, बसा." साहेब म्हणाले, "बोलू द्या. आजी, तुम्ही काय केलंत?"

"पुजा केली साहेब. दर खंडेनवमीला. अणदूरचा भंडारा तेलात कालवून लावला, त्यो आठात बसलाय. ह्यांनी दरसाली सांगितलं, नंबराला फासू नको. म्या ऐकलं न्हाय."

मालकांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी राग म्हणणार न्हाय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बायकोनं चूक कबूल केली, ती पण कोर्टात, साहेबांच्या समोर. सोनं सापडल्यासारखे बघत होते.

साहेबांनी दोन्ही वकिलांना जवळ बोलावलं, वाकून बघायला लावलं. हवालदारीण बाईंनी नखानं खरवडून बघितलं, ढिम्म हललं न्हाय. साहेब हसू दाबत म्हणाले, "आजी, तुम्ही लावलंय, तुम्हीच काढा. सगळ्यांच्या समोर."

माझ्या बांगडीला सेफ्टी पिना असतातच. केसातलं तेल बोटाला घेतलं, आकड्यावर चोळलं, जरा मुरू दिलं आणि पिनेच्या टोकानं हळूहळू उकरलं. बारीक पिवळी पूड टेबलावर पडाय लागली. आधी वरची खाच मोकळी झाली, मग खालची. कोर्टातला माणूस पुन्हा वाकला आणि जरा मोठ्यानंच म्हणाला, "आठ!"

टेबलावर सांडलेला भंडारा तसा कसा ठेवायचा? मी बोटानं टिपून कपाळाला लावला. बघते तर हवालदारीण बाईंनी पण हळूच एक चिमूट उचललेली. साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि लिहून घेणाऱ्याला म्हणाले, "पिवळसर पूड काढल्यावर आकडा स्पष्ट दिसला, असं घ्या."

साहेबांनी तिथंच हुकूम केला. जामीनपत्र झालं, सह्या झाल्या, दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बंदूक हातात आली. अटी वाचून दाखवल्या. विकायची न्हाय, कुणाला द्यायची न्हाय, बोलावलं की हजर करायची, आणि तिच्या रूपात काही फेरबदल करायचा न्हाय. ही शेवटची अट मालकांनी बाईंकडून तीन वेळा वाचून घेतली, प्रत्येक वेळी माझ्याकडं बघत. मी म्हटलं, "आणि माझा टॉवेल?" बाई म्हणाल्या, "आजी, त्याच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल." तो अजून तिथंच आहे. असू दे, साक्ष देऊ दे त्याला.

खंडेनवमीला सकाळी लेक पिकअप घेऊन आला. त्याला आम्ही मुद्दाम सांगितलं नव्हतं. अंगणात पाट मांडलेला, विळा, कुऱ्हाड, पाने, आणि मधे बंदूक. तो दारातच थांबला. मग चपला काढून आत आला आणि निमूट पाटापुढं बसला. म्हणाला, "भाडं तर ठरलंय, रिकामी गाडी कशी नेऊ?" मी म्हटलं, "रिकामी कशाला?" भोपळे भरले, तुरीची डाळ भरली, सरपण भरलं, वर दोन कोंबड्या पाय बांधून दिल्या, सुनेला आवडतात म्हणून.

मी भंडाऱ्याची वाटी घेऊन बसले आणि बघितलं, तर बंदुकीच्या नंबरावर मालकांनी पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवलेली. अशी घट्ट, अशी सरळ, की कोपरा सुद्धा उचलेना. खाली आठ कसा आरशासारखा लखलखत होता.

"ही कशाला?" म्हटलं.

"कोर्टाचा हुकूम हाय," ते म्हणाले. "लाव आता. कुठं लावायचा तिथं लाव."

मी दस्त्याला लावला. मग चिकटपट्टीवर पण एक बोट ओढलंच.