पाचव्या इनिंगला काढून घेतलेला बॉल

टोरांटोच्या बेसबॉल टीमचा सीझन संपला की आमच्या ब्रेकरूममधला सुरू होतो. खेळ चालू असताना आम्ही फार बोलत नाही. हरले की चार शिव्या, जिंकले की टाळ्या, विषय संपला. खरी मजा नोव्हेंबरपासून. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, नवे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, कुठून आणायचे, यावर टोरांटोशेजारच्या ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाऊसमध्ये डबे उघडून आम्ही असे भांडतो, की टीमचा मालक दाराआड उभा राहून आमचं ऐकून घेतोय जसा काही. विचारतंय कोण आम्हाला! पण साडेअकरा ते बाराचा तो अर्धा तास चुकला तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

मी तिथल्या एका शिफ्टची लीड. बावीस माणसं माझ्या हाताखाली, माझ्यावर मॅनेजर. नागपूरची आहे, तोंडाची फटकळ आहे, आणि दोन्हीबद्दल मला आजवर वाईट वाटलेलं नाही. बेसबॉल मला इथे नोकरीला लागल्यावर कळला, आणि तो शिकवला काकांनी.

काका म्हणजे आमच्या शिफ्टमधले, सगळ्यांचेच काका, बासष्ट वर्षांचे. पुण्याच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे होते. मग मुलीपाठोपाठ इकडे आले आणि गेली आठ वर्षं आमच्याकडे रॅकवरचे बॉक्स उतरवून ऑर्डरप्रमाणे पॅलेटवर, म्हणजे ट्रकात चढवायच्या लाकडी पाटावर, रचतात. त्यांनी रचलेलं पॅलेट मी लांबून ओळखते. कडा सुतात, वर हात फिरवला तर कुठे लागणार नाही. ट्रक ड्रायव्हर सांगतात, त्यांचं पॅलेट वळणावर हलत नाही.

बेसबॉलसुद्धा ते तसाच बघतात. आमचा फोर्कलिफ्टवाला पाजी नुसते आकडे फेकतो, अमक्याने किती मैलाच्या वेगाने टाकला, तमक्याने किती जणांना बाद केलं. काका बघतात ते हात. हिवाळ्यात पेटीने मिळतात ना इथे छोटी संत्री, त्यातलं एक उचलायचे, दोन बोटं त्यावर ठेवायचे आणि सांगायचे, "हे बघ, इथून सुटला की सरळ जातो. बोट एवढंसं सरकवलं की बॅटजवळ येऊन वळतो." आता पुण्याच्या माणसाने नागपूरच्या बाईला संत्रं हातात धरून शिकवावं म्हणजे कमालच. पण शिकले बाई मी. आजही टीव्हीवर पिचर दिसला की माझी नजर आधी त्याच्या बोटांकडे जाते.

मागच्या हिवाळ्यात भांडण पेटलं होतं एका म्हाताऱ्या पिचरवरून. म्हातारा म्हणजे अडतीसचा. त्याचा करार संपला होता. त्याला पुन्हा घ्यायचं की त्याच्या जागी ताज्या दमाचा पोरगा आणायचा? पाजी सरळ म्हणायचा, "अंकलजी, उसका टाइम हो गया." काका म्हणायचे, पिचरचा टाइम खांद्यात बघायचा, घड्याळात नाही. मी मधे बसून दोघांनाही चिथवायचे. खोटं का बोलू, त्यात मला फार मजा यायची.

त्याच आठवड्यात मॅनेजरने मला बोलावलं. ख्रिसमसचा धबडगा उरकला की जानेवारीत काम बसतं, तेव्हा शिफ्टमधली तीन नावं कमी करायची होती. "शुक्रवारपर्यंत लिस्ट दे. स्कॅन काउंट बघून दे." आमच्याकडे प्रत्येकाच्या हातात स्कॅनर असतो. बॉक्स उचलला, पीप केलं, की तो तुमच्या नावावर चढला. संध्याकाळी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लागतात.

फळ्यावर काका तळाशी होते. नुसते तळाशी नाही, चांगले खोल तळाशी.

बाकीची दोन नावं सोपी होती. एकजण अल्बर्टाला निघाला होता, एकजण कॉलेजात परत चालला होता, दोघांनी स्वतःच सांगितलं होतं. तिसरं कुणाचं? त्या संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये गाडी गरम होईपर्यंत मी कागदावर काकांचं नाव लिहिलं आणि सगळ्यात वर लिहिलं. काकूंना मधुमेह आहे, किडनीचंही काहीतरी आहे, त्यांची औषधं काकांच्या इथल्या विम्याच्या प्लॅनवर येतात हे मला माहीत होतं. काकांची नोकरी गेली की प्लॅन गेला. तरी लिहिलं. लीड म्हणजे डोळे झाकून प्रेम करायचं नसतं, अशी स्वतःची समजूत काढली. भारीच शहाणी मी!

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर पुन्हा तोच विषय. पाजीने फोन पुढे केला. म्हाताऱ्याने वर्षभरात इनिंग्ज किती कमी टाकल्या बघा, म्हणे, निम्म्या पण नाहीत, अशा माणसाला टीमने पोसायचं का? काका सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला.

"अरे, दर मॅचला नऊपैकी पाचव्याच इनिंगला त्याला बाहेर काढलं. चांगला टाकत असतानाही काढलं. का? तर म्हाताऱ्याला जपायला हवं! त्याच्या हातातून बॉल काढून घ्यायचा आणि वर्ष संपल्यावर विचारायचं, इनिंग्ज कुठे गेल्या? हा कुठला न्याय?"

पाजी हसला. मला मात्र ठसका लागला.

कारण काकांच्या हातातून बॉक्स कोण काढून घेत होतं? आम्हीच की! आपल्या माणसांना वडीलधाऱ्याच्या हातात जड काही बघवत नाही. "काका, राहू द्या, मी घेते," म्हणत मीच रोज दोन-चार बॉक्स पळवायचे. इथले बाकीचे लोक असं कधी करत नाहीत, ज्याचं काम त्याने करायचं. पण आम्ही देशी मंडळी, आम्हाला कुठला धीर! सगळ्यात जास्त उचलायची ती शेजारच्या रांगेतली नवी मुलगी. वर्ध्याची, तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. आणि उचलला की पीप. बॉक्स तिच्या नावावर, पुण्य आमच्या नावावर, आणि काका तळाशी. मानाच्या नावाखाली आम्ही त्या माणसाचा गळा कापत होतो, आणि कागद मी लिहिला होता.

डबा तसाच बंद केला आणि फ्लोअरवर जाऊन सगळ्या देशी मंडळींना दम भरला. काकांच्या बॉक्सला कुणी हात लावायचा नाही. ते खोकले तरी नाही, वाकले तरी नाही. ती मुलगी रडवेली झाली, "ताई, पण ते बरं दिसतं का?" मी म्हटलं, दिसण्याचं मी बघते, तू तुझी रांग बघ.

काय सांगू, दोन दिवसांत काका फळ्याच्या मध्यावर आले! दम लागत होता, कपाळावर घाम होता, पण हात कसे चालले होते! घाई नाही, फुकटची हालचाल नाही, बॉक्स छातीशी घेतला की एका वळणात जागेवर. मी रॅकच्या टोकाला उभी राहून बघत होते आणि माझा ऊर भरून येत होता. चला, म्हटलं, वेळेत अक्कल आली मला.

तिसऱ्या दिवशी काकांनीच मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, शाबासकी देतील. ते चिडलेले होते. आठ वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"हे फर्मान तू काढलंस?"

"हो. काका, तुमचे आकडे—"

"माझे आकडे राहू देत. तिचे बघितलेस?"

नव्हते बघितले. ती मुलगी दोन दिवसांत घसरून तळाला गेली होती.

"अजून आठ दिवस आहेत तिच्या प्रोबेशनचे," काका म्हणाले. "नवरा इथल्याच लंडन गावी युनिव्हर्सिटीत शिकतोय, पदरात दोन वर्षांचं मूल, घर हिच्या एकटीच्या जिवावर चाललंय. काम शिकतेय पोरगी, हात अजून बसला नाही एवढंच. महिनाभरात चांगली तयार होईल. तोवर मी माझ्या रांगेतले बॉक्स तिच्या बाजूला सरकवून ठेवत होतो. तिला वाटतं, ती मला मदत करते. वाटू दे. तू कशाला मधे पडलीस?"

म्हणजे कुणी काढून घेत नव्हतं. माणूस आपणहून देत होता, आणि घेणारीला कळूही देत नव्हता.

"आणि काकूंची औषधं?" मी विचारलं. "यादी करायचीय जानेवारीची. मॅनेजर फळा बघतो हो, काका!"

"तो फळा बघतो. तू आहेस ना." ते इतक्या सहज म्हणाले. "नुसता फळाच बघायचा असता तर लीड कशाला नेमली असती? तू रोज समोर उभी असतेस, मी काय करतो ते बघतेस. म्हणून मी निर्धास्त होतो."

निर्धास्त! माझ्या जॅकेटच्या खिशात तो कागद होता आणि हा माणूस माझ्या भरवशावर निर्धास्त होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या सिमेंटच्या फ्लोअरवर कळलं.

मी आधी फर्मान मागे घेतलं. मग दोन्ही रांगांचे तीन महिन्यांचे आकडे काढले आणि एकत्र मांडले. जोडी म्हणून बघितलं तर काका आणि ती मुलगी शिफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर होते. ते आकडे घेऊन मी मॅनेजरकडे गेले. माणूस वाईट नाही, पण आकड्यांवर चालणारा. मी दोनच नावं दिली. त्याने विचारलं, तिसरं? म्हटलं, तिसरं नाही. तो म्हणाला, असे दोघांचे आकडे कसे जोडता येतील? स्कॅन एकाचाच असतो. मग मात्र माझी सटकली. म्हटलं, जो रचतो, जो शिकवतो, ज्याचा एक बॉक्स ट्रकमध्ये पडत नाही, त्याचा स्कॅन तुमच्या मशीनमध्ये कुठे होतो ते दाखवा, मग मी तिसरं नाव देते. त्याने कागद उचलून स्वतःच्या फायलीत ठेवला. "आय कान्ट प्रॉमिस," एवढंच म्हणाला.

ते आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. ब्रेकरूममध्ये काका आणि पाजीचं म्हाताऱ्या पिचरवरून चालूच होतं, पण मला ऐकू येत नव्हतं. ती मुलगी प्रोबेशनमधून पार पडली. तिने सगळ्यांना लाडू वाटले, काकांना दोन दिले आणि म्हणाली, "काका, आता पर्मनंट झाले, आता तर तुम्हाला मुळीच उचलू देणार नाही." काका म्हणाले, "बरं बाई." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी मॅनेजरने मला सांगितलं, दोन नावांवर भागतंय.

मी जवळजवळ धावतच काकांच्या रांगेत गेले. सांगितलं, तुम्ही राहताय. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे हे होणारच होतं जसं काही. ते मला सहन होईना. हा माणूस माझ्याविषयी एवढं चांगलं धरून बसलाय आणि ते खरं नाही, हे पोटात ठेवून उद्या याच्यासमोर डबा कसा उघडू? मग सांगून टाकलं.

"काका, पहिलं नाव मी तुमचंच लिहिलं होतं. सगळ्यात वर. तुमच्याशी बोलण्याच्या आधी."

त्यांचे हात थांबले. हातातला बॉक्स त्यांनी पॅलेटवर ठेवला, आणि कडा जुळली की नाही तेही बघितलं नाही. मला वाटलं, आता तोंड फिरवतील, आणि त्यांनी फिरवलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"हिला सांगितलं नव्हतं मी," ते म्हणाले. म्हणजे काकूंना. "यादी लागतेय हे. तिने औषधाची एक गोळी कमी केली असती, पुरवून वापरायला. तिचा स्वभावच तसा." मग बॉक्सची कडा सरळ करत म्हणाले, "निर्धास्त म्हणालो खरा, पण मीही रोज घाबरतच होतो गं."

आणि मी, बावीस माणसांची लीड, त्या रांगेत उभी राहून रडले.