पोत्यांची एकतीस मिनिटं

"पंधरा म्हणजे पंधरा, साहेब. डोळ्यांच्या दवाखान्यासमोरून मी पंचवीसनं गाडी नेणार नाही. तिथनं माणसं एका डोळ्याला पट्टी बांधून बाहेर पडतात. त्यांना पायरी दिसत नाही, ट्राम काय दिसणार?"

"त्यांनी बघून चालावं."

"तेवढ्यासाठीच तर बिचारे दवाखान्यात आले होते."

साहेबांना हसू आलं नाही. त्यांना ते सहसा येत नाही. फोटोवाला असला तरच येतं. त्यांनी कागद आणखी चार बोटं पुढं सरकवला. "आत्या, उद्या संध्याकाळपर्यंत सही पाहिजे. नाहीतर गाडीची किल्ली जमा करा आणि धुलाईला जा."

अख्खा डेपो या माणसाला फीतसाहेब म्हणतो. टेबलाच्या वरच्या खणात मखमली पिशवीत उद्घाटनाची कात्री ठेवलेली आहे. चार वर्षांत ती सहा वेळा बाहेर निघाली, पुसली गेली आणि परत आत गेली. ब्रेकचं तेल कधी बदललं हे साहेबांना सांगता यायचं नाही, पण कात्रीला धार कधी लावली ते तारखेनिशी सांगतील.

कागदावर नऊ वळणं होती. नऊही वळणांच्या पाट्या पंधरावरून पंचवीस करायच्या. नियम असा, की वेगाची पाटी बदलायची तर ज्येष्ठ चालकानं सही करायची, आणि ज्येष्ठ चालकाची परीक्षा आत्याशिवाय कुणी पास झालेलं नव्हतं. एकोणीस वर्षं तिनं बस चालवली. मग ट्राम येणार म्हणून गाजावाजा झाला, तिनं अर्ज टाकला, आणि त्या दिवसापासून ती रिकामी गाडी या टोकाकडून त्या टोकाकडं नेते आहे. माणसांच्या वजनाला म्हणून आत वाळूची पोती. समोर सगळे तिला आत्या म्हणतात, पाठीमागं गोगलगाय. तिला दोन्ही माहीत आहे. गोगलगाय कधी कुणाला चिरडत नाही, असं ती म्हणते.

डेपोची सुरक्षितता बघायची तर चालकांच्या खोलीत जावं. लोखंडी कपाटं, एक पाय आखूड असलेलं बाक, आणि भिंतीवर भला मोठा फलक: 'अपघाताविना दिवस ५४७'. ज्या गाडीत अजून माणूस चढला नाही त्या गाडीला अपघात झाला नाही, याचं साहेबांना कौतुक. न झालेल्या लग्नाचा वाढदिवस साजरा करावा तसं. फलकाखाली एक पेटी आहे. काही होता होता टळलं तर लिहून टाका, अशी तिच्यावर सूचना. सुरुवातीला एकानं टाकलं लिहून, की अमुक खांबामागून सायकली एकदम पुढ्यात येतात. त्याला तीन आठवडे पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. त्यानंतर पेटी रिकामी राहिली, आणि पेटी रिकामी म्हणून साहेबांना बक्षीस मिळालं. आता तिच्यावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवतं.

भानगड मागल्या आठवड्यात सुरू झाली. पहिल्यांदाच पोती काढून खरी माणसं बसवली. कचेरीतले लोक, त्यांच्या बायका, सासवा, पोरं. दीड वर्ष रोज एकतीस मिनिटांत होणारी फेरी अडतीस मिनिटांत झाली. एकतीसचा आकडा तोवर मोठमोठ्या फलकांवर छापून चौकाचौकांत लागला होता. सात मिनिटं गेली कुठं? वेळापत्रक बनवणाऱ्या घड्याळवाल्यानं मान खाली घालून सांगितलं, चालकाचा हात संथ आहे. साहेबांना तेच ऐकायचं होतं. झालं, वळणांचा कागद तयार.

सही मागितली त्या संध्याकाळी आत्या घरी आली तेव्हा तोंड आंबलेलं होतं. नवऱ्यानं काही विचारलं नाही. तो सुतार आहे, लाकूड आणि बायको गरम असताना रंधा मारू नये एवढं त्याला कळतं. तेवढ्यात बेल वाजली. नणंद आली होती, दोन्ही हातांत पिशव्या.

"अगं वहिनी, दार तरी पूर्ण उघड." एक पिशवी आत आली. दुसरी कडीत अडकली. मग चप्पल. मग दारातच, "तुझी ट्राम आमच्या जन्मात सुरू होईल ना गं? की मी वरूनच बघायची?" मग मागं वळून बघणं, काही पडलं तर नाही ना.

आत्याच्या तोंडून सवयीनं सेकंदांचे आकडे चालले होते. नणंद आत येऊन दार लागलं तेव्हा ती तेवीसवर होती.

"वन्सं," ती म्हणाली, "जरा परत बाहेर जा आणि आत या."

"का गं, चप्पल उलटी पडली का?"

"नाही. कामाचं आहे."

नणंद बडबडत बाहेर गेली आणि आत आली. बावीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या साहेबांच्या खोलीत गेली. घड्याळवाला तिथंच होता.

"एक सांगा. दीड वर्षाच्या पोत्यांच्या फेऱ्यांत गाडीची दारं किती वेळा उघडली?"

घड्याळवाल्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पंख्याकडं.

"मीच सांगते. एकदाही नाही. बाकांवरचं प्लास्टिक मळतं, धूळ आत येते, उद्घाटनापर्यंत दारं उघडू नयेत, असा तुमच्याच सहीचा हुकूम आहे. थांब्यावर गाडी नुसती टेकवायची आणि निघायचं. अठरा थांबे. माणूस चढायला-उतरायला वीस-बावीस सेकंद लागतात. मांडा गुणाकार. ही एकतीस मिनिटं पोत्यांची आहेत, साहेब. पोती उतरत नाहीत."

घड्याळवाल्यानं गुणाकार मांडला. मांडताना त्याचे कान लाल झाले. सहा मिनिटं आणि वर काही. उरलेलं अर्धं-पाऊण मिनिट एका सासूबाईंचं होतं. त्यांची छत्री दारात अडकली होती.

"आणि नऊच्या नऊ वळणांवर पंचवीसनं पळवली तरी वाचणार तीनच मिनिटं. बाकीची चार कुठनं आणणार?"

"ते पुढचं पुढं बघू," साहेब म्हणाले. मग त्यांना एकदम काही सुचलं, आणि त्यांनी फेऱ्यांच्या वह्यांचा गठ्ठा पुढं ओढला. "रोजच्या एकतीस मिनिटांखाली सही कुणाची आहे? तुमची. दीड वर्ष का नाही बोललात?"

हे मात्र तिला लागलं. सह्या तिच्याच होत्या, रोजच्या रोज, एकाच वळणाच्या अक्षरात. वेळेचा रकाना होता, तिनं वेळ लिहिली. दाराचा रकाना नव्हता. ट्रामला दारं असतात आणि ती उघडावी लागतात हे वरच्यांना ठाऊक असेल असं ती धरून चालली.

"चुकलंच," ती म्हणाली. "तुम्हाला अक्कल असेल असं समजले."

"कागदावर सही करताय का?"

तिनं पेन घेतलं. नऊही पंचवीसवर काट मारली, शेजारी नऊ वेळा पंधरा लिहिलं आणि खाली सही केली. मग किल्ली टेबलावर ठेवली.

दुपारी हुकूम निघाला. आत्याचं ज्येष्ठ चालकपद गेलं. चार वाजता घड्याळवाल्यानं, पाय वाजू न देता, साहेबांना जाऊन सांगितलं की आता सही करायला डेपोत कुणीच नाही, आणि नवा ज्येष्ठ चालक तयार व्हायला पाच महिने लागतात. उद्घाटन सातव्यांदा पुढं गेलं. पत्रक निघालं: तांत्रिक कारणास्तव. हुकूम मागं घ्यावा असं साहेबांच्या डोक्यात आलंही असेल. पण त्यासाठी चुकलं म्हणावं लागतं, आणि तो शब्द त्यांच्याकडं नोकरीला लागल्यापासून नाही.

आत्या आता धुलाईच्या शेडमध्ये आहे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात नळी. नणंदेनं विचारलं, "वहिनी, एवढं शिकून शेवटी गाड्या धुतेस?"

"धुते. धुताना दारं उघडावी लागतात, वन्सं. एवढं तरी बरं."

काल शेडचा मुकादम तिला म्हणाला, "आत्या, आज लवकर आटपा, साहेब पाहुण्यांना गाडी दाखवायला येणारेत."

"चाकं धुवून झाली की आटपेल," ती म्हणाली, आणि नळी घेऊन गाडीखाली वाकली.