हरणाबाईची केरसुणी

बिराप्पाला इंग्रजी येत होतं. निदान वाडीची तशी खात्री होती. ब्रह्मदेशाच्या लढाईत त्यानं चार वर्षं सरकारची खेचरं हाकली आणि तेवढ्यात बावीस इंग्रजी शब्द गोळा करून तो कवठे महांकाळजवळच्या आपल्या वाडीत परतला. त्यांतले अठरा शब्द खेचरांसाठी होते, बायाबापड्यांसमोर उच्चारण्याजोगे नव्हते. उरलेल्या चारांवर त्याची सगळी विद्वत्ता उभी होती.

त्याच वाडीत हरणाबाई राहायची. लोकर कातून पोट भरणारी, तिशीची विधवा. लग्नाच्या वर्षीच नवरा साप चावून गेला आणि पुढच्या महिन्यात सासूची, म्हणजे धोंडुबाईची, म्हैस आटली. वाडीला एवढा पुरावा बास होता. हरणाबाई चेटकीण ठरली. धोंडुबाईनं तिला घराबाहेर काढलं, तेव्हा तिनं कोपऱ्यातली केरसुणी तेवढी उचलली आणि वेशीजवळच्या खोपटात जाऊन राहिली. ती वाटेनं आली की बाया पोरं पदराखाली झाकायच्या.

बिराप्पाचा तिच्यावर जीव होता. धनगरांत विधवेचा म्होतूर, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात नवल काही नाही. पण चेटकिणीला घरात घेणाऱ्याला भावकी पाणीही देणार नव्हती. शिवाय जपान्यांच्या गोळीबारात उभा राहिलेला हा गडी हरणाबाईपुढे गेला, की पावसापाण्याचं बोलून परत यायचा.

सेहेचाळीस साली बिरोबाच्या जत्रेत तासगावच्या लालासाहेबानं सिनेमाचा तंबू ठोकला. सांगलीत स्वस्तात मिळाली म्हणून त्यानं एक इंग्रजी रीळ आणली होती. ती कुणाला कळणार? मग पडद्याशेजारी उभं राहून उलगडा करायला बिराप्पाला बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती, अब्रूचा प्रश्न होता.

एक गोरी चेटकीण एका तरण्या डॉक्टरचं वाटोळं करायला येते आणि त्याच्यावरच भाळते, एवढं चित्रांवरून कुणालाही कळत होतं. पडद्यावरच्या चेटकिणीबद्दल वाडीची काहीच तक्रार नव्हती. पण ती बया केरसुणीवर बसून उडाली आणि तंबूत हलकल्लोळ झाला.

"लक्षुमीला बूड टेकलं रं!" कुणीतरी ओरडलं. दोन पायताणं पडद्यावर आदळली. बाया 'चेटकीण, चेटकीण' करत तंबूच्या दोरीपलीकडे एकट्या बसलेल्या हरणाबाईकडे बोटं दाखवू लागल्या. ती उठून चालू लागली.

"थांबा!" बिराप्पा गरजला. "ती बसल्याली न्हाई! केरसुणीच तिला उचलून न्हेतीया. सासरच्यांनी बिचारीला चेटकीण म्हणून हाकललं, तवा त्या घरची लक्षुमी बी तिच्यामागनं निघाली. आसं ती बाई इंग्रजीत सांगतीया!"

सगळ्यांच्या नजरा धोंडुबाईकडे वळल्या. सुनेला हाकललं त्या वर्षापासून तिच्या घराची रया गेली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं? हरणाबाई परत खाली बसली.

तिसऱ्या दिवशी धोंडुबाई खोपटावर आली. सुनेची माफी मागायला नव्हे, केरसुणी मागायला. हरणाबाईनं दिली नाही.

मग वाडीचं मन असं पालटलं की हसावं की रडावं कळेना. ज्या बाया पोरं झाकायच्या, त्याच हरणाबाईकडून लोकरीचा धागा मागून नेऊ लागल्या. तो मनगटाला बांधला की दादला त्या डॉक्टरसारखा गोड बोलतो, अशी बोलवा उठली होती. दादले होते तसेच राहिले, धागे मात्र खपले.

पुढल्या जत्रांना दुसरा सिनेमा लावायची सोयच उरली नाही. "चेटकीणच पायजे," लोक म्हणायचे. रीळ झिजली, गोऱ्या बाईच्या तोंडावर रेघांचा पाऊस पडू लागला, तरी तंबू भरायचा. बिराप्पाही दरसाल लांबत गेला. डॉक्टर पडद्यावर दोन शब्द बोलायचा आणि बिराप्पा पाच मिनिटं. "इंग्रजी लय आटीव भाषा हाय," तो सांगायचा. "तू आलीस की लोकं दार लावून घेत्यात. मी कवाड उघडं ठिवून बसल्याला आसतो," असं तो डॉक्टर म्हणायचा. हे म्हणताना बिराप्पाची मान पडद्याकडे नसायची, दोरीपलीकडे असायची. हरणाबाई खाली बघायची. एवढ्यावर वर्षं चालली होती, आणि ह्या भित्र्या माणसाचा मला राग येतो.

एकोणपन्नास साली शाळेवर कृष्णात मास्तर आले. त्यांना खरोखरच इंग्रजी येत होतं. पाऊण सिनेमा त्यांनी कसाबसा सोसला, मग ते ताडकन उभे राहिले.

"साफ खोटं! ती बाई चेटकीणच आहे आणि केरसुणीवर ती चांगली मांडी ठोकून बसते. डॉक्टर आत्ता म्हणाला की माझी टोपी कुठं आहे. मग हा माणूस हे सगळं कुणाचं सांगतोय?"

धोंडुबाईचे डोळे चमकले. "मी म्हनत न्हवते?" ती शेजारणीला म्हणाली, आणि शेजारणीनं नकळत पोर पदराखाली ओढलं.

हरणाबाईनं ते पाहिलं. ती उभी राहिली.

"मास्तर, तुमी खाली बसा. त्यो गोरा काय म्हंतो, त्ये आमाला करायचं काय? ह्यो मानूस चार जत्रा झाल्या मला इचारतोय. मला ऐकू येतंय."

पडद्यावर त्या बाईचे ओठ हलले. आता बिराप्पानं सांगायचं, पण त्याच्या घशातून आवाजच फुटेना. सगळा तंबू त्याच्याकडे बघत होता.

"मी सांगते," हरणाबाई म्हणाली. "ती म्हंतीया, व्हय. येते. पर माजी केरसुणी माज्यासंगं यील."

मास्तर पेन्शनीत निघेपर्यंत सांगत राहिले, की पडद्यावरच्या त्या बाईनं फक्त दार लावून घ्यायला सांगितलं होतं.